सेचाळीस मिलिसेकंद

दोन आवाजांचं गाणं आमच्याकडे दोघांनी समोरासमोर उभं राहून कधीच गायलेलं नसतं. बाई मंगळवारी येऊन गाऊन जाते, पुरुष पुढच्या रविवारी गातो, आणि बऱ्याचदा तो येतही नाही, असेल तिथून आवाज धाडतो. पण जो आधी गातो त्याला कानात कुणीतरी लागतं, नाहीतर तो विचारणार कुणाला आणि उत्तर देणार कुणाला? म्हणून दुसऱ्याची जागा तात्पुरती भरून ठेवतात. त्या आवाजाला डमी म्हणतात. खरा आवाज आला की डमी पुसायची. आमच्या स्टुडिओत बाईची डमी मी गाते.

माझं मुख्य काम ते नाही. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं, नोकरीची वाट बघत एक वर्ष काढलं, आणि एका मैत्रिणीसोबत सहज या स्टुडिओत आले तेव्हा स्पीकरमधून सारखी एक घूं ऐकू येत होती. मी विचारलं, ही कधीपासून आहे? बन्सीमामा म्हणाले, "पहिलेपासून शे. लोकेसले वाटस तानपुरा शे." ती पन्नास हर्ट्झची घूं होती, विजेची. मी दोन यंत्रांच्या पिना एकाच बोर्डात लावल्या आणि ती थांबली. मामा बराच वेळ स्पीकरकडे बघत बसले. मग म्हणाले, "प्रतिभा ना नाव तुन्हं? तू आठेच ऱ्हाय." मी इथेच राहिले, त्याला आता दोन वर्षं झाली.

बन्सीलाल मामा माझे नात्याने कुणी नाहीत. सगळे गायक त्यांना मामा म्हणतात. त्यांची आधी लग्नाची बँड पार्टी होती. अहिराणी गाणी यूट्यूबवर चालायला लागली तेव्हा त्यांनी बँड मोडला आणि नंदुरबारच्या मिरची बाजारामागे, एका गोडाऊनवरच्या दोन खोल्यांत स्टुडिओ टाकला. भिंतींना आवाज शोषणारं काहीतरी लावायचं होतं. खालीच रिकामी बारदानं फुकट मिळत होती, ती मामांनी चारी भिंतींना ठोकली. पहिला गायक माइकसमोर उभा राहिला, एक ओळ म्हणाला, आणि अर्धा तास शिंकत राहिला. मिरचीची बारदानं ती. आता भिंतींना गोधड्या आहेत. पण हंगामात वाऱ्याबरोबर बाजारातला मिरचीचा खकाणा वर येतोच, म्हणून खिडकीच्या फटीत ओले टॉवेल कोंबावे लागतात. आणि मालगाडी आली की सगळ्यांनी दोन मिनिटं गप्प बसायचं.

हे गाणं हेमराजने आणलं. तापीकाठच्या गावात त्यांची केळीची बागायत आहे आणि हेमराजचं स्वतःचं चॅनेल आहे. व्हिडिओत हिरो तोच असतो, गात मात्र नाही. सुरतेच्या एका जिममध्ये त्याने एक स्पॅनिश गाणं ऐकलं होतं. ते फोनवर लावून त्याने फोन टेबलावर ठेवला.

"मामा, अशी बीट पाहिजे. नाचनं नही पाहिजे. नुस्तं हालनं पाहिजे."

"नुस्तं हालनं ते बसमाबी व्हस," मामा म्हणाले.

"तुम्ही ऐका ते खरं!"

आम्ही ऐकलं. शब्द एकही कळत नव्हता. खाली जाड ढोल, आणि वर एका पुरुषाचा आवाज, ओठ जेमतेम हलवून कानाशी बोलल्यासारखा. तिसऱ्यांदा ऐकताना मी कागदावर आठ खण आखले. पहिल्या आणि पाचव्या खणात ढोल. चौथ्या आणि सातव्या खणात टाळीसारखा कोरडा ठोका. बस, हेच तीन मिनिटं. चौथ्या खणातली टाळी पाचव्यातल्या ढोलाच्या जरा आधी पडते, त्यामुळे दर वेळी वाटतं, कुणीतरी पाऊल उचललं आणि टाकायचं राहिलं. वेग वाढवला तर त्यावर लोक नाचतील. मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोके ठेवले तर नाचता येत नाही. उभ्या माणसाचं वजन या पायावरून त्या पायावर जात राहतं, एवढंच.

मामांनी टेबलावर बोटांनी वाजवून पाहिलं. त्यांच्या बँडमध्ये दगा नावाचा एक डफवाला होता. "हाई ते मन्हा डफवाला दगा वाजाडे. दारू पिसन वाजाडे तव्हय इतलंच हयू."

"मंग बलावा त्याले."

"गया ना तो. तीन साल व्हयनात."

हेमराजने फोन खिशात घातला. पुरुषाचा भाग ललित गाणार, असं त्याने ठरवलं होतं. ललित शहाद्याकडचा, सुरतेत साड्यांच्या कारखान्यात कामाला आहे, सुटीच्या दिवशी मित्राच्या खोलीत माइक लावून गातो. बाईच्या भागासाठी धुळ्याच्या रोहिणीबाई. त्यांच्या नावावर गाणी चालतात. पण त्यांना गुरुवारपर्यंत वेळ नव्हता, आणि ललितला रविवारीच गावं लागणार होतं. म्हणजे डमी आली.

गाण्यात एक माणूस गावाबाहेरच्या रस्त्यावर बसून वाट बघतोय. तो म्हणतो, 'कव्हयनी वाट देखस मी, येशी का वं तू?' बाई म्हणते, 'इसू रे, हयूहयू इसू, पाय मन्हा जड शेतस.' येईन, पण हळूहळू येईन, पाय जड आहेत. पाय जड का, ते गाण्यात कुठेच सांगितलेलं नाही. हेमराजला विचारलं तर तो म्हणाला, "व्हिडिओमा देखाडसूत."

शनिवारी दुपारी मामा जेवायला गेले तेव्हा मी डमी केली. ती करायची पद्धत अशी: बाहेरच्या खोलीत संगणकावर रेकॉर्डिंग सुरू करायचं, मग धावत आतल्या खोलीत जायचं, दार ओढून घ्यायचं, हेडफोन कानाला लावायचे. त्यासाठी मी गाण्याआधी आठ सेकंदांची मोकळी जागा ठेवते. पहिल्या ओळीत माझा श्वास थोडा फुललेला असतो तो त्यामुळे. दुसरं कुणी गात असतं तेव्हा मी बाहेर असते आणि सगळं बघते. मी गाते तेव्हा बाहेर कुणी नसतं.

मला गाता येतं की नाही, हा प्रश्न कधी आला नाही. डमीला सूर बरोबर लागतो, एवढं पुरतं. पण त्या दिवशी त्या बीटवर मला घाई करावीशी वाटली नाही. एकदाच गायले, आणि फाइल ललितला पाठवून दिली.

सोमवारी त्याचा आवाज आला.

माझं खरं काम इथून सुरू होतं. आलेल्या आवाजातून नको ते काढायचं: खोकला, खुर्चीची करकर, गिळल्याचा आवाज. बहुतेक गाण्यांत आम्ही श्वासही काढतो. हेमराजच्या त्या नमुन्याच्या गाण्यात मात्र श्वास ठेवलेले होते, म्हणून त्याला तेही हवे होते. मी मोजले. ललितने त्या गाण्यात सदतीस वेळा श्वास घेतला होता. प्रत्येक ऐकून ठरवायचं होतं की हा ठेवायचा की नाही.

मी बाजाराजवळच एका खोलीत भाड्याने राहते. डबा येतो. घरून रविवारी फोन येतो आणि आई विचारते, बी.एड.चा फॉर्म निघाला का. असे दिवस जातात की मामांशी दहा-बारा वाक्यं सोडली तर मी कुणाशी बोलत नाही. त्याचं मला फारसं काही वाटत नसे. त्या तीन दिवसांत वाटायला लागलं, कारण दिवसाचे सात-आठ तास एक माणूस माझ्या दोन्ही कानांच्या मधोमध उभा होता. तो ओळ सुरू करण्याआधी ओठ ओले करतो. उंच स्वराआधी दोनदा श्वास घेतो, एक लहान, एक मोठा. त्याच्या मागे कुठेतरी कबुतरं आहेत. एकदा कुकरची शिट्टी झाली, तो थांबला, कुणाला तरी म्हणाला, "दोन शिट्ट्या व्हवू दे, मंग गास." ते वाक्य मी कापलं, पण लगेच नाही.

आणि एके ठिकाणी तो हसला होता. म्हणजे आवाज करून नाही. माणूस गाताना हसला की तोंड रुंद होतं, आणि आवाजातले वरचे स्वर थोडे वर सरकतात. कानाला कळतं, पडद्यावर दिसतंही. मी आधी कानाने ओळखलं आणि मग आलेख काढून तपासलं. माझ्या 'पाय मन्हा जड शेतस' या ओळीनंतर लगेचचा त्याचा 'ये ना वं' होता. आजूबाजूचे सगळे 'ये ना वं' मी शेजारी ठेवून पाहिले. हसलेला तेवढा एकच.

बुधवारी मी पहिल्यांदा दोन्ही आवाज एकत्र लावले, त्याचा आणि माझा. ते गाणं मी सहा वेळा ऐकलं. सहाव्या वेळेला मला कळलं की मला काय हवंय. मला या गाण्यात राहायचं होतं. नाव नको, पैसे नकोत. त्याच्या आवाजाशेजारी माझा आवाज राहावा, बस. आणि उद्या रोहिणीबाई येणार होत्या.

एक शब्द पुन्हा गाऊन हवा होता म्हणून मी ललितला फोन केला. कामाच्या फोनवर मी शाळेतली मराठी बोलते, ती सवयच लागली आहे.

"नमस्कार, स्टुडिओतून प्रतिभा बोलतेय. दुसऱ्या कडव्यातला 'रस्ता' थोडा फाटलाय. तेवढा पुन्हा पाठवाल का?"

"हो मॅडम, पाठवतो," तोही अडखळत तसंच बोलला. मग म्हणाला, "मॅडम, त्या ताई रोहिणी ना, धुळ्याच्या? त्यांना सांगा, लई भारी गायल्या. मी काय बीट-बिट ऐकली नाही. मी त्यांच्याच मागे मागे गेलो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मॅडम? आहे ना लाईनवर?"

"आहे. सांगते," मी म्हटलं.

फाइलवर मी 'फीमेल' एवढंच लिहिलं होतं. डमी आहे हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मला सांगता आलं असतं, अर्ध्या वाक्याचं काम होतं. पण सांगून काय, हे मला ठरवता आलं नाही, आणि तोवर त्याने फोन ठेवला.

गुरुवारी रोहिणीबाई सकाळच्या गाडीने आल्या. पन्नाशीच्या, चष्मा लावणाऱ्या, पिशवीत गरम पाण्याची बाटली आणि खडीसाखर. जिना चढून आल्याबरोबर त्यांना ठसका लागला.

"बन्सीभाऊ, तुम्ही स्टुडिओ टाकेल शे का मसाल्यानी गिरणी?"

"गिरणीमा पैसा ऱ्हातस, बाई," मामा म्हणाले.

हेमराजही आला होता. रोहिणीबाई आत गेल्या, दोनदा गाणं ऐकलं आणि गायल्या. सूर, शब्द, ताल, कशातच बोट ठेवायला जागा नव्हती. मी त्यांचा आवाज ललितच्या आवाजाशेजारी लावला आणि सगळ्यांना ऐकवला.

गाणं बसलं नाही, दोघं मिळून म्हणतात त्या ओळींत तर नाहीच. बाई ओळ सुरू करायच्या आणि तो मागून यायचा, जरासा, पण दर ओळीला. त्या 'हयूहयू' म्हणत होत्या आणि त्याच्यापुढे निघून जात होत्या.

"हाई ते नवराबायको भांडीसन बजारले चालनात," मामा म्हणाले. "बाई पुढे, नवरा मांगे."

हेमराज हसला नाही. रोहिणीबाईंनी चष्मा काढून पुसला. "मन्हंच काहीतरी चुकस. त्यानी कोनसंगे गायेल शे ते ऐकाडा बरं."

मी डमी लावली. माझा आवाज आणि ललितचा आवाज रस्त्यावरून बरोबर चालत होते, कुणालाच घाई नव्हती. मी पडद्याकडे बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते कळत नव्हतं.

"हाऊ आवाज कोना शे?" रोहिणीबाईंनी विचारलं.

"डमी शे, बाई. पुसी टाकसूत," मामा म्हणाले.

रोहिणीबाई माझ्याकडे वळल्या. "पोरी, तुन्हा शे ना?"

मी मान हलवली.

"मंग हाऊच ऱ्हावू द्या ना," त्या हेमराजला म्हणाल्या. "मी उगाच तीस वरीस पासून गास का? माले समजस. त्यासनं जमेल शे. मन्हा आवाज त्या पोऱ्यासंगे नही बसत. मन्हं एक गानं कमी व्हयनं ते काय बिघडनं?"

"लोके नावले देखतस, मावशी," हेमराज म्हणाला. पण तो विचार करत होता. त्याने मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाव काय टाकानं मंग? प्रतिभा काय?"

मला फक्त आडनाव सांगायचं होतं.

पण गाणं का बसत नाही, ते कारण मला तेव्हा माहीत होतं. रोहिणीबाईंचा आवाज लावल्याबरोबर मी दोन्ही आलेखांमधलं अंतर मोजलं होतं. दर ओळीला तेच अंतर. माणसाचा उशीर इतका सारखा नसतो, कधी तीस, कधी साठ असतो. हा सगळीकडे सेचाळीस मिलिसेकंद होता, म्हणजे यंत्राचा होता. संगणक आवाज थोडा थोडा साठवून पुढे ढकलतो. मिक्सिंग करताना तो साठा मोठा ठेवतात, रेकॉर्डिंग करताना लहान. शनिवारी मी रेकॉर्डिंग सुरू केलं, आत धावले, आणि साठा लहान करायचा राहिला. बाहेर कुणी असतं तर दिसलं असतं. त्यामुळे ढोल माझ्या कानात उशिरा पोचला, माझा आवाज संगणकात उशिरा पोचला, आणि आमचं जुनं यंत्र असल्या उशिराची भरपाई आपोआप करत नाही. एवढ्या वेळात आवाज हवेतून साधारण सोळा मीटर जातो. ढोल अंगणाच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला उभी राहून गायले असते, तर असंच ऐकू आलं असतं. आणि ललित ढोल सोडून माझ्यामागे आला होता.

रोहिणीबाईंचं काहीच चुकलं नव्हतं. तीस वर्षं गाणारी बाई माझ्या विसरण्यामुळे म्हणत होती की आपलंच चुकतंय.

"मावशी, तुमनं बरोबर शे," मी म्हटलं. "चूक मन्ही शे." आणि सगळं सांगितलं, साठा, धावणं, सेचाळीस.

मामांना त्यातलं शेवटचंच कळलं. "म्हनजे सरकाडाले येस?"

"येस."

"मंग सरकाड ना, सायंटिस! आमले काय घाबराडी ऱ्हायनी!"

रोहिणीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तुले गप्प ऱ्हाता येत नही का वं?" त्या हळूच म्हणाल्या, आणि बाटलीतलं गरम पाणी प्यायल्या.

मी ललितचा आवाज सेचाळीस मिलिसेकंद पुढे ओढला. आता तो ढोलावर, रोहिणीबाई ढोलावर, दोघं एकमेकांवर. आलेखात सगळं एका रेषेत आलं. मी ऐकवलं. गाणं बिनचूक होतं आणि कुणाचीच मान हलत नव्हती.

"हालनं गयं," हेमराज म्हणाला.

मामांनी डोकं खाजवलं. "आते?"

मी ललितला परत त्याच्या जागी नेलं. मग रोहिणीबाईंचा आवाज निवडला आणि तो मागे ढकलला. ढोल जिथल्या तिथे, आणि दोघं त्याच्या सेचाळीस मिलिसेकंद मागे. पहिल्याच ओळीला हेमराजची टाच जमिनीवरून उचलली गेली. दुसऱ्या ओळीला मामांनी डोळे मिटले.

"हाईच!" हेमराज म्हणाला. "मावशी, काय गायेल शे तुम्ही!"

"मी गायेल नही शे तसं," रोहिणीबाई म्हणाल्या. पण तोवर मामांनी चहा सांगितला होता.

संध्याकाळच्या गाडीने त्या गेल्या. शुक्रवारी सकाळी मी डमी पुसली. मामांचा तो नियमच आहे. मागे एकदा डमीसकट गाणं चॅनेलवर गेलं होतं आणि खऱ्या गायिकेच्या नवऱ्याने येऊन खूप आरडाओरडा केला होता. पुसताना संगणक विचारतो, नक्की का? मी हो म्हटलं. संगणकातून एखादी गोष्ट पुसली की तिथे भोक पडत नाही. जागा मोकळी झाली अशी नोंद होते, आणि पुढचं काहीतरी तिच्यावर लिहिलं जातं. रविवारी त्या जागेवर एका हळदीच्या गाण्याची शहनाई आली असेल.

गाणं चॅनेलवर आलं. व्हिडिओत हेमराज तापीच्या पुलाजवळ काळा चष्मा लावून बसलाय. बाईचे पाय जड का, ते त्यातही कळत नाही. खाली लोकांनी लिहिलंय, रोहिणीताई, इतकं निवांत तुम्ही कधी गायला नव्हता.

आठवड्याने, दुपारी सव्वाच्या सुमाराला, ललितचा फोन आला. मागे यंत्रांची खडखड नव्हती, जेवणाची सुटी असावी. मामा खाली बाजारात गेले होते.

"मॅडम, गाणं ऐकलं. भारी झालंय."

"हो. छान गायलात तुम्ही."

"पण..." तो थांबला. ओठ ओले केलेले मला ऐकू आले. "पहिल्यासारखं नाही. मला पाठवलं होतं ना, तसं नाही ते. काय बदललं?"

"काय वाटतं तुम्हाला?"

"ते सांगता आलं असतं तर तुम्हाला कशाला फोन करतो? तालात तसंच आहे. ताईंनी पण तसंच गायलंय. पण मी ज्यांच्यामागे गेलो त्या या नाहीत, असं वाटतंय. हसू नका."

"हसत नाहीये. आवाज बदललाय. तुम्हाला पाठवली ती डमी होती."

"डमी? मंग ती कोन व्हती?" घाईत त्याची शाळेतली मराठी सुटली.

माझीही सुटली. "मी व्हतू."

मग एक लहान श्वास, मग एक मोठा.

"तुम्ही? तुम्ही ते शाळाना बाईसारखं बोलतस!"

"कामना फोन शे ना. तसंच बोलनं पडस."

"आन माले सांगं का बरं नही? मी तुमलेच सांगी ऱ्हायंतू, त्यासले सांगा म्हनीसन!" तो आता हसला, आवाज करून. मग हसायचा थांबला. "ते धाडा ना माले. आपला दोन्हीसना आवाज शे ते. चॅनेलवर नही टाकाव. नुस्तं ऐकाले."

"पुसी टाकं मी."

"पुसं?"

"नियम शे आठला."

"मन्हाकडे तुमनं एकलं शे," तो म्हणाला. "तुम्ही धाडेल व्हतं ते. त्यामा मी नही."

खरं होतं. त्याच्याकडे माझा आवाज होता आणि माझ्याकडे त्याचा. दोन्ही एकत्र असं आता कुठेच नव्हतं. मनात आलं, त्याच्याकडून फाइल मागवून पाच मिनिटांत पुन्हा जोडता येईल. तेच सांगायला मी तोंड उघडलं, तर तो पलीकडून गायला लागला. माइक नाही, ढोल नाही, जेवणानंतरचा जडावलेला आवाज.

'कव्हयनी वाट देखस मी, येशी का वं तू?'

आणि थांबला. पुढची ओळ माझी होती. दोन ठोक्यांनंतर ती सुरू होते, एक पूर्णांक चार सेकंदांनी. फोनमधूनही आवाज उशिरा पोचतो, आणि तो उशीर एकसारखा नसतो, सारखा बदलतो. म्हणजे त्याने ओळ संपवली ती नेमकी कधी, आणि माझी त्याला वेळेवर ऐकू जायची तर मी कधी सुरू करायला हवी, हे मी मनात मांडायला लागले. मांडता मांडता एक ठोका गेला, दुसरा गेला. मग माझी जागाही गेली.

पलीकडे कबुतरं नव्हती, कारखाना होता. कुणीतरी स्टीलचा डबा बंद केला.

"उशीर करतस तुम्ही," तो म्हणाला. रागाने नाही.

"हाव."

घंटा झाली. एकेक यंत्र सुरू होत गेलं, आणि त्याचा आवाज त्यांच्या खाली जायला लागला.

"चाला, ठेवस मंग," तो म्हणाला. या वेळी मॅडम म्हणाला नाही. मी फोन कानालाच धरून ठेवला होता, म्हणून फोन बंद होईपर्यंतची खडखड मला थोडी ऐकायला मिळाली.